शाळेला गिऱ्हाईक हवं

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

यांस,

पत्राचा विषय आधीच सांगतो, म्हणजे ते कोणत्या टेबलावर पाठवायचं हे ठरवणं आपल्या कार्यालयाला सोपं जाईल. नववी ते बारावीच्या मुलांना व्यवसाय शिक्षण, उद्योजकता, करिअरची तयारी अशा नावांखाली आपण जे शिकवतो, त्याबद्दल मला लिहायचं आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवून मी निवृत्त झालो. तेव्हा पुढे जे काही कडू वाटेल ते बाहेरच्या माणसाचं नाही, याच दुकानात उभं आयुष्य गेलेल्याचं आहे.

लातूर म्हटलं की परगावच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. तूर-सोयाबीनचा आडत बाजार, आणि लातूर पॅटर्न, म्हणजे आताच्या भाषेत नीट-जेईईच्या शिकवण्या. आडतीत बापाचा माल विकला जातो तेव्हा पोरगं शिकवणीत बसलेलं असतं. संध्याकाळी बाप पट्टी घेऊन घरी येतो आणि ती पट्टी बारावीतल्या पोराला धड वाचता येत नाही. पट्टी म्हणजे आडत्यानं दिलेला विक्रीचा हिशेब. कट्टे किती, वजन किती, भाव काय फुटला, हमाली किती, तोलाई किती, पेरणीच्या वेळी घेतलेली उचल वळती करून हातात काय पडलं. सोयाबीन असेल तर ओलावा किती भरला यावरही बरंच काही ठरतं. सरकारी खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट असते. २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली, कारण त्या तीन टक्क्यांवर हजारो शेतकऱ्यांचा माल केंद्राच्या दारातून परत जात होता. टक्केवारी, व्याज, पत, प्रतवारी, घासाघीस, लेखी करार आणि तोंडी शब्द असा धंद्याचा बराचसा अभ्यास त्या एका चिठ्ठीत आहे. माझ्या सगळ्या नोकरीत ती चिठ्ठी मला कुठल्या पाठ्यपुस्तकात भेटली नाही.

मग आम्ही शिकवत काय होतो? बारावीला 'चिटणिसाची कार्यपद्धती' नावाचा विषय आहे, पोरं त्याला एसपी म्हणतात. कंपनीच्या चिटणिसानं भागधारकांशी, कर्जरोखेधारकांशी आणि ठेवीदारांशी पत्रव्यवहार कसा करावा, हे त्यात शिकवतात. औसा, निलंगा, रेणापूर इकडून एसटीनं येणाऱ्या मुलानं कर्जरोख्यावरचं व्याज दिल्याचं पत्र लिहायचं. कर्जरोखेधारक त्यानं जन्मात पाहिलेला नसतो. खरं सांगायचं तर मीही पाहिलेला नाही. पुस्तपालनात भागीदाराचा प्रवेश, भागीदाराची निवृत्ती, भागीदाराचा मृत्यू आणि शेवटी संस्थेचं विसर्जन. एका वर्षी मागच्या बाकावरून आवाज आला होता, "सर, या पुस्तकात धंदा कुणी करतच नाही. नुसती माणसं येतात, भांडतात आणि मरतात." वर्ग हसला. त्या पोराचं काही चुकलं होतं असं मला वाटलं नाही.

पुस्तकं टाकाऊ आहेत असं माझं म्हणणं नाही. ज्याला सीए किंवा सीएस व्हायचं आहे त्याला हा पाया लागतो. पण वाणिज्य शाखेतून बाहेर पडणाऱ्यांत असे किती? बाकीचे दुकानात बसतात, गाडी घेतात, पतसंस्थेत चिकटतात, एजन्सी धरतात, शेती करतात. त्यांच्यापैकी कुणालाही बारावीपर्यंत खरं बिल फाडावं लागलेलं नसतं, उधारी वसूल करावी लागलेली नसते, गिऱ्हाइकाची बोलणी खावी लागलेली नसतात.

ही उणीव सरकारला माहीत नाही असंही नाही. फार जुनी गोष्ट आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायातून शिक्षण हा विचार देशापुढे आला. झाकीर हुसेन समितीनं त्याचा आराखडा केला. १९६४ ते ६६ या काळात बसलेल्या कोठारी आयोगानं कार्यानुभव सांगितला. त्या कार्यानुभवाचं आमच्या शाळांत काय झालं हे आपणही आपल्या शाळेत पाहिलं असेल: कागदाची फुलं, खडू, मेणबत्त्या आणि वर्षअखेरीला दुसऱ्याची वही बघून लिहिलेली वही. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानं आकडाच ठरवून टाकला. उच्च माध्यमिकच्या १० टक्के मुलांना १९९० पर्यंत आणि २५ टक्क्यांना १९९५ पर्यंत व्यवसाय शाखेकडे वळवायचं. ते जमलं नाही म्हणून १९९२ साली तारखा पाच-पाच वर्षांनी पुढे गेल्या, आकडे तेच राहिले. २०२० च्या धोरणानं मागच्या अपयशाकडे बघून आकडा खाली आणला असेल असं वाटलं होतं; त्यानं शाखेकडे वळवण्याऐवजी व्यवसाय शिक्षणाची ओळख एवढंच उद्दिष्ट धरलं, पण आकडा ५० टक्क्यांवर नेला आणि मुदत दिली २०२५ ची. तेही साल सरलं. त्याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतला एक आकडा दिला आहे. १९ ते २४ वयोगटातल्या कामकरी भारतीयांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहून कमी. शेजारी जर्मनीचे ७५ आणि दक्षिण कोरियाचे ९६ टक्के मांडून ठेवले आहेत. भाषणांत हे आकडे मी इतक्यांदा ऐकले की आता पाठ झाले आहेत. जर्मनीत मुलांची परीक्षा व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या मंडळांकडे असते आणि शिकता शिकता मालक त्यांना पगार देतो, हे मात्र त्या भाषणांत कुणी सांगत नाही.

महाराष्ट्रानं काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, आपली एमसीव्हीसी, १९८८ च्या सुमाराला सुरू झाली. लेखा व लेखापरीक्षण, विपणन व विक्रयकला, कार्यालय व्यवस्थापन, फळबाग, इलेक्ट्रॉनिक्स. विषयांची नावं वाचली तर आजही हेवा वाटावा. पुढे तिचं एचएससी व्होकेशनल झालं. पण तिची दोन दुखणी जुनीच राहिली. शाळा-कॉलेज एका खात्याचं आणि हा अभ्यासक्रम व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाचा. आज ते संचालनालय कौशल्य विकासाच्या खात्याखाली आहे. एकाच आवारात दोन खाती नांदत होती आणि प्राचार्यांना दोन्हींची पत्रं वेगवेगळ्या फायलींत लावावी लागत. दुसरं दुखणं आमच्या स्टाफरूममधलं. दहावीला ज्याला कमी टक्के पडले त्याला 'एमसीव्हीसीत टाका' असं आम्ही म्हणत असू. टाका! जाणत्या शिक्षकांच्या तोंडी हे क्रियापद असेल तर पालकांनी त्या शाखेकडे का वळावं?

नववी-दहावीत अलीकडे आलेल्या कौशल्य विषयांची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०१३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला आणि त्याच्या आधारानं शाळांत ऑटोमोटिव्ह, रिटेल, ब्युटी अँड वेलनेस, हेल्थकेअर, मल्टी स्किल असे विषय सुरू झाले. विषय गुणपत्रिकेवर आला, हे मोठं पाऊल होतं. त्याबद्दल आपल्या खात्याचं अभिनंदनच करायला हवं. पण प्रशिक्षक बाहेरच्या संस्थेमार्फत कंत्राटावर. संस्था बदलली की माणूस बदलतो, अनुदान लांबलं की पगार लांबतो. जो स्वतः पुढच्या जूनमध्ये इथे असेन की नाही या काळजीत आहे, त्यानं मुलांना करिअरची तयारी शिकवायची. आणि जाता जाता एवढं बघा की ब्युटीच्या वर्गात कोण बसतं आणि ऑटोमोटिव्हच्या वर्गात कोण. आमच्या भागातल्या मुली स्कूटी चालवत कॉलेजला येतात, तिचा प्लग साफ करायला मात्र भावाला बोलावतात.

आता 'बाजारा'कडे येतो. झेडपीच्या शाळांत बालबाजार भरतो, स्काउट-गाइडची खरी कमाई असते, हायस्कुलात आनंदनगरी असते. भेळ, पाणीपुरी, घरची भाजी, ताक. पोरांच्या अंगावर त्या दिवशी जी तरतरी असते ती वर्षभर दिसत नाही, म्हणून मला हे कार्यक्रम मनापासून आवडतात. पण हिशेब विचारून बघा. पोर सांगतं, शंभराचं सामान आणलं, चारशेची भेळ विकली, नफा तीनशे. कांदा-कोथिंबीर घरची, गॅस घरचा, आणि पहाटे उठून चिंचेची चटणी केली ती आई. आईची मजुरी शून्य. गुरुजी टाळ्या वाजवतात, फोटो निघतो, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जातो. घरातल्या बाईच्या कामाला किंमत नसते हा धडा मात्र त्या दिवशी पक्का होतो. त्याच वहीत 'आईची मजुरी' असा एक रकाना आखला असता तर तीनशेचे कदाचित पन्नास उरले असते, आणि त्या पन्नासात शिकण्यासारखं पुष्कळ होतं.

आपल्या माणसांनी करिअरच्या तयारीसाठी आपखुशीनं पैसे मोजून जो अभ्यासक्रम दोन-तीन पिढ्या केला, त्याचं नाव कोणत्याही धोरणात नाही. टायपिंग. दहावीची परीक्षा संपली की दुसऱ्या सोमवारी टायपिंगच्या क्लासला नाव घालायचं. एसटी स्टँडजवळच्या माडीवर आठ-दहा मशिनं, सकाळपासून रात्रीपर्यंत तास-तासाच्या बॅचा, इंग्रजी तीस, इंग्रजी चाळीस, मराठी तीस. स्पीड, लेटर, स्टेटमेंट. परीक्षा पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेची. मशिनवरची परीक्षा २०१७ साली बंद झाली आणि सगळं संगणकावर गेलं, पण तोवर त्या खडखडाटातून कितीतरी घरं कारकुनीला, कोर्टात, बँकेत लागली. त्यात मुलीही होत्या, आणि पुष्कळ घरांत मुलगी बाहेर एकटी शिकायला गेली ती पहिल्यांदा तिथेच.

ते का चाललं, याचा विचार आपल्या तज्ज्ञ समित्यांनी केला असता तर बरं झालं असतं. मिनिटाला तीस शब्द म्हणजे तीस. त्यात वशिला नाही, ग्रेस नाही. ते प्रमाणपत्र कोण मागतं हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण लिपिकाच्या जाहिरातीत तसं छापलेलं असे. शिकवणारा मास्तर स्वतः धंदा करत होता. फी बुडवणारं पोरगं, मशिनची रिबन, जागेचं भाडं, शेजारच्या गल्लीत उघडलेला दुसरा क्लास हे सगळं तो रोज भोगत होता, आणि मुलं ते डोळ्यांनी बघत होती. आपल्या कौशल्य विषयांचं प्रमाणपत्र आमच्या गावच्या गॅरेजवाल्याला दाखवलं तर तो काय म्हणेल? मी एकाला विचारलं होतं. तो म्हणाला, "सर, पोराला पाना हातात द्या, पंधरा मिनिटांत सांगतो." परीक्षक म्हणून बोलवायला हवा तो असा माणूस.

यापेक्षा मोठं उदाहरण पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला आहे आणि ते आपल्या खात्याला नवीन नाही. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर असलेले डॉ. श्रीनाथ कालबाग नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांनी उभारलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचं ते केंद्र. तिथून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय तयार झाला, एसएससी बोर्डानं तो घेतला. व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री म्हणून जुन्या शिक्षकांना तो आठवत असेल. आठवड्यातला एक दिवस वर्ग बंद आणि हात चालू. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन असे चार विभाग. वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, माती तपासणी, रक्तगट तपासणी, रोपवाटिका. आजचा मल्टी स्किल विषय त्याच अनुभवातून आला आहे.

पण कालबागांनी केलेली खरी युक्ती विषयांच्या यादीत नाही. पोरांनी शिकलेलं काम गावाला सेवा म्हणून द्यायचं आणि गावानं त्याचे पैसे मोजायचे, ही ती युक्ती. शिकवायला गावातले कारागीर, काम गावाचं, आणि केलेल्या प्रत्येक वस्तूमागे सामान किती, मजुरी किती याचा हिशेब लिहायचा. फुकट दिलेल्या वस्तूला गावात कुणी नावं ठेवत नाही. पैसे देऊन केलेलं गेट लागत नसेल तर माणूस शाळेत येऊन मुख्याध्यापकांसमोर पोराला दोन शब्द सुनावतो. ते दोन शब्द कुठल्याही पाठ्यपुस्तकात छापता येणार नाहीत. शाळेला गिऱ्हाईक मिळालं की अभ्यासक्रमाची निम्मी दुरुस्ती गिऱ्हाईकच करतं, एवढं मी पाबळचं काम बघून शिकलो. गिऱ्हाईक नसेल तर कितीही पुस्तकं बदला, पोरं निबंधच लिहीत राहतील.

दिल्ली सरकारनं उद्योजकतेचा अभ्यासक्रम २०१९ साली आणला आणि २०२१ मध्ये 'बिझनेस ब्लास्टर्स' या नावानं अकरावी-बारावीच्या मुलांना माणशी दोन हजार रुपयांचं बीजभांडवल देऊ केलं. सरकारी शाळेतल्या पोराच्या हातात भांडवल ठेवण्याचं धाडस मला आवडलं. त्यातून दूरचित्रवाणीवर कार्यक्रम झाला, पोरं गुंतवणूकदारांसमोर बोलली, तो भाग मला आवडला नाही. गुंतवणूकदार म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. छान बोललं की गुंतवणूकदार खूश होतो. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं तरच धंदा झाला म्हणायचं. महाराष्ट्रात असं काही करायचं आपल्या मनात असेल तर भांडवल जरूर द्या, मंच मात्र बांधू नका.

कमी पैशांत आणि आमच्या भागात काय करता येईल, ते सांगतो. सोयाबीनचं घरचं बियाणं पेरण्यापूर्वी उगवणक्षमता तपासा, असं कृषी विभाग दर उन्हाळ्यात कानीकपाळी ओरडून सांगतो. तपासणी सोपी आहे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर किंवा कागदावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि पाच-सहा दिवसांनी निकोस कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त असतील तर बियाणं नेहमीच्या मापानं पेरायचं, कमी भरले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवायचं, फारच कमी असतील तर पेरायचंच नाही. नववीच्या पोरांनी एप्रिलमध्ये, परीक्षा उरकल्यावर, गावातल्या शेतकऱ्यांकडून नमुने घ्यावेत. नमुन्यामागे वीस रुपये. पावती फाडायची, नमुन्याला क्रमांक द्यायचा, एकाचे दाणे दुसऱ्याच्या गुंडाळीत जाऊ द्यायचे नाहीत, निकाल लेखी द्यायचा. विज्ञान, गणित, भाषा आणि धंदा एका गोणपाटात. आणि जबाबदारीही. निकाल चुकला आणि रान उगवलं नाही तर तो शेतकरी जुलैत शाळेच्या फाटकाशी उभा असेल. म्हणून पोरं प्रत्येक नमुन्याच्या दोन-दोन गुंडाळ्या करतील. मी सांगायची गरज नाही, त्यांचं त्यांना सुचेल.

वाणिज्यच्या मुलांसाठी तर काम दारात पडलेलं आहे. गावोगावी महिलांचे बचत गट आहेत. बचतीची नोंद, अंतर्गत कर्ज, व्याज, बँकेचा हप्ता, सभेचं इतिवृत्त. गटाच्या सचिवबाई रात्री भाकऱ्या उरकून वह्या लिहितात आणि आकडा जुळला नाही की तालुक्याला कुणाला तरी फोन लावतात. अकरावीच्या दोन-दोन मुलांकडे एक-एक गट द्या. वर्षभर त्या गटाची रोजकीर्द, खतावणी, तेरीज त्यांनी लिहायची, गटानं ठरलेलं थोडकं मानधन द्यायचं, आणि वार्षिक सभेत बायकांसमोर उभं राहून ताळेबंद वाचून दाखवायचा. ज्या बाईनं शंभर-शंभर रुपये साठवले आहेत ती प्रश्न विचारते तेव्हा पोराला पुस्तपालन म्हणजे काय ते कळतं. तोंडी परीक्षेला मग बाहेरून माणूस आणायची गरज नाही. कर्जरोखेधारकाच्या पत्राला दहा गुण असतील तर या सभेला वीस द्या.

आक्षेप येतील, आणि त्यांतला एक मला फार महत्त्वाचा वाटतो. हातकाम शिकवायची भाषा आपल्याकडे नेहमी गरिबांच्या आणि मागास जातींच्या मुलांपुढेच का केली जाते? मद्रास राज्यात राजाजींनी १९५३ साली अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा व्यवसाय अशी योजना आणली. बापाचा जातीचा धंदा पोरानं पुढे चालवावा असा तिचा अर्थ लोकांनी घेतला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. बरं झालं. शिकून ज्या कामातून सुटायचं आहे, त्याच कामात शाळेनं परत ढकलायचं असेल तर पालकांनी त्या शाळेला कुलूप लावावं.

पण त्याला उत्तर आपल्याच मातीत आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावं ते सांगितलं आहे: मोडी आणि बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची ओळख, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य. हिशेब आणि भूगोल एकाच रांगेत, सगळ्यांसाठी. जातीप्रमाणे वाटणी नाही. फुले स्वतः शेती, व्यापार आणि बांधकामाची कंत्राटं करणारे गृहस्थ होते. हिशेब न येणाऱ्याला कोण कसा नागवतो हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटीलसुद्धा एके काळी ओगल्यांच्या कंदिलांचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे फिरते विक्रेते होते. कमवा आणि शिका हे सांगणाऱ्या माणसानं आधी दारोदार माल विकला होता. तेव्हा हा विषय ठेवायचा तर सगळ्यांना ठेवा. लातूरच्या सीबीएसई शाळेतल्या डॉक्टरांच्या मुलीनंही गोणपाटावर दाणे मोजावेत, वीस रुपयांची पावती फाडावी आणि शेतकऱ्याशी बोलावं. हे जमणार नसेल तर गरिबाच्या पोरालाही लावू नका.

दुसरा आक्षेप, शाळेचा कारखाना होईल. वर्ध्याच्या परिषदेतही हाच सूर निघाला होता, कारण शाळेचा खर्च मुलांच्या हस्तव्यवसायातून भागावा अशी गांधीजींची अपेक्षा होती. मी ते मागत नाही. शिक्षकाचा पगार सरकारनंच द्यायचा. मुलांच्या कमाईतून पुढचं सामान घ्यावं आणि उरलेलं मुलांना वाटावं, बस्स. कायदाही स्पष्ट आहे. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायचं नाही, १४ ते १८ वयाच्यांना धोक्याच्या कामाजवळ जाऊ द्यायचं नाही. म्हणून मी नववीच्या खाली उतरलो नाही आणि तिथेही दाणे मोजण्यापलीकडे गेलो नाही.

खरी अडचण तिसरीच आहे, आणि ती कोणत्याही परिसंवादात निघत नाही. मी काही मुख्याध्यापकांशी या विषयावर बोललो. कल्पना सगळ्यांना पटली. मग सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: "सर, पावती कोणत्या हेडखाली फाडायची?" शाळेनं गावकऱ्याकडून वीस रुपये घेतले तर ते कुठे जमा करायचे, त्यातून गोणपाट विकत घ्यायला कुणाची मंजुरी लागेल, लेखापरीक्षणात शेरा आला तर उत्तर कोण देणार. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला मुख्याध्यापक वीस रुपयांसाठी पेन्शन अडकवून घेणार नाही, आणि त्याला नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. शाळेला गिऱ्हाईक मिळत नाही याचं कारण गावात गिऱ्हाईक नाही हे नसून शाळेला पैसे घ्यायची भीती वाटते, हे आहे.

म्हणून आपल्याकडे नवा अभ्यासक्रम, नवं पोर्टल किंवा नवी समिती मागत नाही. दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली, करिअरचं पोर्टल झालं; त्यातून मुलाला आपला कल कुठे आहे हे कदाचित कळलं असेल, पण गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं हे कळलं नाही. मागतो तो दोन पानी शासन निर्णय. मान्यताप्राप्त माध्यमिक शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांना नववीपासून पुढच्या मुलांनी दिलेल्या सेवेबद्दल मर्यादित शुल्क घेता येईल. ते शुल्क शाळेच्या वेगळ्या बँक खात्यात जमा होईल आणि त्या खात्याचा हिशेब मुलं लिहितील, शिक्षक तपासतील, दर महिन्याला फलकावर लावला जाईल. ठरावीक रकमेपर्यंत खर्चाचा अधिकार मुख्याध्यापकांना राहील. या कामाचे गुण कौशल्य विषयाच्या आणि पुस्तपालनाच्या अंतर्गत मूल्यमापनात धरले जातील, आणि परीक्षकांत एक जण गावातला कारागीर किंवा व्यापारी असेल. कौशल्य विषयाचे प्रशिक्षक निदान तीन वर्षं एका शाळेत टिकतील अशी नेमणूक करा, हे त्याच निर्णयात घालता आलं तर सोन्याहून पिवळं. वित्त विभाग त्यावर खळखळ करेल, म्हणून ते वेगळं मागतो. पहिल्या भागाला सरकारचा एक रुपया लागत नाही.

सगळ्या राज्यात एकदम करू नका. लातूर जिल्ह्यातल्या तयार असलेल्या शंभर शाळा घ्या आणि दोन वर्षं बघा. काही शाळांत पैशांवरून कुरबुर होईल, एखादा नमुना हरवेल, एखाद्या गटाचा ताळेबंद जुळणार नाही. ते होऊ द्या आणि लगेच चौकशी लावू नका.

बियाणं तपासायचं काम एप्रिलमध्ये सुरू व्हायला हवं, म्हणजे निर्णय मार्चअखेर शाळांच्या हातात पडायला हवा. तो निघाला तर पहिल्या दोन वर्षांचे हिशेब तपासायला मी आणि माझ्यासारखे निवृत्त वाणिज्य शिक्षक विनामोबदला शाळाशाळांत जाऊ. तशी लेखी संमती या पत्रासोबत जोडली आहे.

आपला,
एक निवृत्त वाणिज्य शिक्षक
लातूर